मोकळी व्हायची तारीख

गावात मला सगळे आशाताई म्हणतात. हे माझं नाव नाही, कामाचं नाव आहे. पण बारा वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलंय की माहेरी, लातूरकडे, कुणी खऱ्या नावाने हाक मारली की मी आधी मागे वळून बघते. हिमायतनगरपासून थोडं आत आमचं गाव. गरोदर बाया, बाळंतिणी आणि तान्ही लेकरं यांची वही माझ्याकडे. कुणाचे दिवस कधी भरतात, कुणाचं बाळ कितव्या दिवशी बघायला जायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. माझी एक तारीख कधी चुकली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला माज होता.

त्या हिवाळ्यात आम्हाला नांदेडला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. विषय होता बायकांच्या मनाचं आरोग्य. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, पण बोलणं पुस्तकातलं. शेवटी प्रत्येकीला एक छापील कागद मिळाला, त्यावर नऊ प्रश्न. गावात आल्यावर मी मोठ्या उत्साहाने एका शेजारणीला पहिला प्रश्न वाचून दाखवला, "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला कशातच रस वाटत नाही, असं झालं का?" ती म्हणाली, "रस? कशाचा वं? आंब्याचा का उसाचा?" मी हसून हसून खाली बसले. महिन्याच्या मीटिंगमध्ये तो किस्सा मी हातवारे करून सांगितला, सगळ्या आशा हसल्या. कागद पिशवीच्या तळाशी गेला. शिवाय आमच्याकडे एखादीच्या मनाबद्दल विचारायचं म्हणजे तिला वेडी ठरवण्यासारखंच, त्यामुळे तो वर काढायची मला घाईही नव्हती.

तेव्हा देगलूरवालीला आठवा सरून नववा लागला होता. सुनांना आमच्या गावात माहेराच्या गावानेच ओळखतात. मीही आले तेव्हा दोन वर्षं लातूरवाली होते. ही चोवीस वर्षांची, अंगाने बारीक, बोलायला त्याहून बारीक. तिच्या माहेरी तेलुगू बोलतात. आईचा फोन आला की ती तेलुगूत बोलायची, आणि सासूला ते खपायचं नाही. "काय चुगल्या करायली देवाला मालूम," असं सासू माझ्यासमोरच म्हणायची. सासू पन्नाशीच्या पुढची, ताठ, डोईवरचा पदर कधी ढळू न देणारी. मी तिला मावशी म्हणते. नवरा, म्हणजे मावशीचा थोरला, हैदराबादला कंपनीत. दोन-अडीच महिन्यांतून एकदा घरी. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, मुलगी झाली होती, आता ती तीन वर्षांची. दुसरं बाळंतपण रिवाजाप्रमाणे सासरी.

मी वजन घ्यायला गेले की ती विचारायची, "ताई, कवा मोकळी व्हईन वं मी?"

आमच्याकडे बाळंत झाली असं कुणी धडधडीत म्हणत नाही. मोकळी झाली, म्हणतात. नऊ महिन्यांचं ओझं उतरलं, सुटका झाली, एवढाच त्याचा अर्थ. शेवटच्या महिन्यात सगळ्याच बाया हा प्रश्न विचारतात. पाय सुजलेले असतात, कूस बदलता येत नाही, बेजार झालेल्या असतात. मी वही उघडून तिला तारीख सांगितली. पुढच्या खेपेला तिने परत तेच विचारलं, मी परत तीच तारीख सांगितली. तिसऱ्यांदा तिने माझ्या पदराचं टोक धरलं आणि विचारलं. मला अजून चार घरं करायची होती. मी पदर सोडवून घेतला आणि म्हणाले, "तुला एकटीलाच घाई हाय का? आम्हीबी ह्यातनं गेलोत की. व्हशील मोकळी, तारीख लिवलेली हाय."

ती तारखेच्या दोन दिवस आधी मोकळी झाली. सरकारी दवाखान्यात, नीट, काही त्रास न होता. दुसरी मुलगी. मावशी म्हणाली, "लक्ष्मी आली," पण आवाज कोरडा होता. थोरला दोन दिवस येऊन गेला. मी तिसऱ्या दिवशी गेले, सातव्या दिवशी गेले. बाळाचं वजन, बाळाचा ताप, बाळाचा श्वास, बाळाची नाळ. आईच्या वाट्याला त्या फॉर्ममध्ये चार-पाच रकाने येतात, रक्तस्राव, ताप, दूध वगैरे. सगळ्यांत ठीक असंच लिहिण्यासारखं होतं, मी लिहिलं.

चौदाव्या दिवशी दुपारी गेले तर ती बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाळ पाळण्यात रडत होतं. मी बाळाला उचललं, काटा लावला, वजन छान वाढलं होतं. आनंदाच्या भरात मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "झालीस ना मोकळी? उगं जीव खाल्लास माझा."

तिने मान वळवली. चौदा दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होती.

"मी मरायचं इचारायले होते, ताई," ती म्हणाली. "तुम्ही तारीख सांगितली."

बाळाच्या काखेतल्या थर्मामीटरने तेवढ्यात टीं टीं केलं आणि मी सवयीने आकडा बघितला. आकडा काय होता ते मला आठवत नाही. खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा रागच आला, आणि तोही तिचा. नीट सांगायला काय झालं होतं? असं कोड्यात कुणी बोलतं का? मग लक्षात आलं की तिने कोडं घातलंच नव्हतं. तिला जो शब्द येत होता तो तिने वापरला, तीनदा, आणि तिसऱ्यांदा पदर धरून. मला लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटते.

मी खाली बसले. पिशवीच्या तळातून तो कागद काढला, तेलाचे डाग पडलेला. छापलेलं वाचलं नाही, आपल्या भाषेत एकेक विचारत गेले. कशात जीव लागतो का? घास गिळतो का? झोप येते का? ती उत्तरं देत होती, हळू, पण देत होती. शेवटचा प्रश्न जिवाचा. तो विचारल्यावर ती पाळण्याकडे बघून म्हणाली, "हिला कुनीतरी संभाळतंच ना." तेवढ्यात फोन वाजला, आईचा होता. ती तेलुगूत बोलली. मला त्यातला एकच शब्द कळला, कारण तो आपल्याकडेही जवळपास तोच आहे, भय. ती तो पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, हिला नांदेडला मोठ्या दवाखान्यात न्या, मनाच्या डॉक्टरांकडे, उशीर नको. मी तशीच मावशीकडे गेले. मावशी चुलीसमोर होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाळंतीन हाय ती. सव्वा महिना उंबरा वलांडत नसतेत. अन् ती येडी न्हाई. बाहेरची बाधा हाय थोडी, जाईल." मी समजावलं, भांडले, हात जोडले. थोरल्याला फोन लावला. तो म्हणाला, "आई म्हनंल तसं करा." मावशीने तव्यावरची भाकरी उलटली आणि मला सांगितलं, "दवाखान्याचं नाव काढू नको ह्या घरात." तिच्याइतकी दगडाच्या काळजाची बाई मी पाहिली नाही, असं त्या दिवशी मी माझ्या नवऱ्याला सांगितलं. ते मी मागे घेते, पण तेव्हा माझं तेच मत होतं.

प्रशिक्षणात बजावलं होतं, कुणाचं गुपित कुणाला सांगायचं नाही. बरोबरच आहे. पण तिला एकटी ठेवायची नाही, हेही त्यांनीच सांगितलं होतं, आणि मी एकटी दिवसभर तिथे बसू शकत नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिलाच विचारलं, कुणाला सांगू? तिने गल्लीतल्या एकीचंच नाव घेतलं, इस्लापूरवालीचं. ही समोरच्या घरातली विधवा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, हळदीच्या कामाला जाणारी, तोंडाने फटकळ. मी सांगितल्यावर तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाली, "बसायला निमित्त लागतंय. बिनकामाचं कुनी कुनाच्या घरी बसलं की बोलनं व्हतंय." मग जरा विचार करून म्हणाली, "इरजण."

इरजण म्हणजे विरजण. दुधाला लावायचं चमचाभर दही. ते मागायला आलेल्या बाईला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. फक्त दिवेलागणीनंतर देत नाहीत. मावशीच्या स्वयंपाकघराला लागूनच बाळंतिणीची खोली. वाटी घेऊन आत जायचं, इरजण घ्यायचं, लेकराचं तोंड बघते म्हणायचं आणि टेकायचं. इस्लापूरवालीने आणखी दोघींना गाठलं. त्यांना तिने एवढंच सांगितलं की पोरीचं माहेर लांब आहे, जीव लागत नाही. सकाळची पाळी एकीची, दुपारची एकीची, दिवे लागायच्या आधीची इस्लापूरवालीची. थोरल्या नातीला खेळवायचं निमित्त करून मी मधे डोकावत असे.

त्या काय बोलायच्या? मनाबिनाबद्दल एक अक्षर नाही. एक तिची वेणी घालायची. एक बाळाला तेल लावायची आणि तेल लावता लावता आपल्या सासूच्या नकला करायची. इस्लापूरवाली बसून तिच्याकडून दोन घास जास्त खाऊन घ्यायची, आणि नाही खाल्लं तर शिव्या द्यायची. एकदा देगलूरवाली तिच्यासमोर रडली. इस्लापूरवालीने रडू नको म्हटलं नाही. "रड. दिवा लागायला येळ हाय अजून," असं म्हणाली आणि भिंतीला टेकून बसून राहिली. प्रशिक्षणात मॅडमनी दोन दिवस आम्हाला जे शिकवलं ते हेच होतं, एवढं मला त्या दिवशी समजलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मावशी दारात उभी राहून मला म्हणाली, "का वं, समद्या गल्लीचं दूध माझ्याच इरजणावर टेकलंय व्हय?" माझी पाचावर धारण बसली. मी म्हणाले, "तुमचं दही गोड लागतंय, मावशी." तिने माझ्याकडे रोखून बघितलं आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी दह्याचं भांडं मोठं होतं. मी त्याचा अर्थ लावायच्या भानगडीत पडले नाही.

बरं वाटत होतं का तिला? थोडं. घास जात होता. बाळाला पाजताना खाली बघत होती. पण एखाद्या दिवशी डोळे परत तसेच रिकामे असायचे, आणि माझा जीव खालीवर व्हायचा. मावशी दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती. मी दर दोन दिवसांनी काढतच होते.

पंचविसाव्या दिवशी हळद शिजवायची घाई सुरू झाली आणि इस्लापूरवालीला शेतमालकाने सकाळीच बोलावून नेलं. दुपारची बाई पाहुणे आले म्हणून अडकली. मी दुसऱ्या वस्तीवर होते. त्या पाऊण-एक तासात मावशी मागच्या अंगणात धुणं धूत होती. ती आत आली तर बाळ पाळण्यात झोपलेलं, दार उघडं, आणि उंबऱ्यापाशी देगलूरवालीच्या चपला तशाच.

मला फोन आला तेव्हा मी पळत सुटले. गावातली माणसं विहिरींकडे पळाली होती, एक जण ओढ्याकडे गेला होता. कुणी तोंडाने काही बोलत नव्हतं, पण सगळे पाण्याकडेच जात होते. माझ्यापुढे डांबरी रस्त्याने मावशी पळत होती. पदर खांद्यावरून खाली लोळत होता, केस सुटलेले, पाय अनवाणी. ती विहिरीकडे वळली नाही. सरळ फाट्याकडे गेली. तिला कसं कळलं ते मी नंतर विचारलं नाही.

देगलूरवाली फाट्यावर गाड्या थांबतात त्या ओट्यावर बसली होती. खड्यांनी पाय फुटले होते. आम्ही समोर येऊन उभ्या राहिलो तरी तिला आम्ही आहोत हे कळलं नसावं. पानटपरीवाल्याकडे बघून ती विचारत होती, "देगलूरची गाडी कवा हाय?" देगलूरची गाडी तिथून कधीच जात नाही.

मला वाटलं मावशी आता हिला मारणार. मी मधे पडायच्या तयारीतच होते. मावशी धापा टाकत तिच्या पायाशी खाली बसली आणि पदराने तिचे पाय पुसायला लागली. पुसता पुसता माझ्याकडे न बघता म्हणाली, "न्या कुठं न्यायची ती. पर म्या संगं येनार. तिला एकटीला आत सोडनार न्हाई म्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नांदेडला गेलो. थोरली नात इस्लापूरवालीकडे ठेवली, तिने त्या दिवशी हळदीचा खाडा केला. गाडीत बाळ माझ्या मांडीवर होतं आणि मावशीने सुनेचं मनगट धरून ठेवलं होतं. वाटेत सोडलं नाही, दवाखान्याच्या जिन्यावर सोडलं नाही, बाकावर दोन तास नंबराची वाट बघताना सोडलं नाही. पळून जाईल म्हणून धरलंय असं मला वाटत होतं. मी एकदा म्हणालेही, "मावशी, कुठं जाती आता ती?" तिने पकड आणखी घट्ट केली.

आत डॉक्टर तरुण होते, बोलण्यावरून आमच्या लातूरकडचे. त्यांनी बसा म्हटलं. सून बसली, मी बसले, मावशी उभीच, सुनेचं मनगट हातातच. ती खिडकीकडे बघत होती, कोपऱ्यातल्या कपाटाकडे बघत होती, मग वाकून तपासायच्या कॉटखाली बघितलं.

"काय हुडकायलाव, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोरी कुठं ठिवता?"

"कसली दोरी?"

"बांधायची."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "इथं कुणालाच बांधत न्हाईत, आजी. बोलतेत फक्त. अन् गोळ्या देतेत."

मावशी कॉटपासून मागे सरली. मग सुनेचं मनगट सोडलं. तिथे चार बोटांचे वळ उठले होते.

डॉक्टर सुनेला विचारू लागले. तेच प्रश्न, माझ्या कागदावरचे, पण साध्या बोलीत. "झोप लागती का, बाई?" ती खाली बघून मनगटावरचे वळ चोळत होती. मागून आवाज आला, "न्हाई." मला वाटलं मावशी सुनेबद्दल सांगतेय. "जेवन गोड लागतंय का?" परत मागून, "न्हाई." डॉक्टर थांबले, आणि मग हळूच पुढचा प्रश्न विचारला, जगणं नको वाटतं का कधी. सुनेने मान हलवली, हो. आणि मागून मावशी म्हणाली, "हाव."

"आजी," डॉक्टर म्हणाले, "मी तुमच्या सुनेला इचारायलोय."

"मालूम हाय," मावशी म्हणाली. "पर मला कुनी इचारलंच न्हाई. मलाबी इचारा की एकदा."

मग उभ्या उभ्याच तिने सांगितलं. थोरला झाला तेव्हा तिलाही असंच झालं होतं. बाहेरचं म्हणून सासरच्यांनी एका ठिकाणी नेलं आणि खांबाला बांधून ठेवलं. दूध दाटून यायचं, लेकरू लांब कुणाच्या तरी मांडीवर रडताना ऐकू यायचं. एके दिवशी तिने ओळखलं की बरी झाले म्हटल्याशिवाय हे सोडत नाहीत. मग ती बरी झाले म्हणाली. हे सांगताना तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. सून मात्र वर मान करून तिच्याकडे बघत होती, आणि माझ्या मांडीवरचं बाळ मला दिसेनासं झालं होतं.

डॉक्टरांनी सुनेला गोळ्या लिहून दिल्या, बाळाला पाजत राहा म्हणाले, पंधरा दिवसांनी बोलावलं. त्या गोळ्या पुढे बरेच महिने चालल्या. मधे तिने त्या दोनदा बंद केल्या आणि दोनदा आम्ही घाबरून पुन्हा त्याच रस्त्याने नांदेडला गेलो. ती आज आहे, दोन्ही लेकरांसकट आहे. पण अजूनही काही दिवस असे येतात की ती कुणाशी बोलत नाही, आणि तेव्हा इस्लापूरवाली काम बुडवून तिच्याकडे जाऊन बसते.

त्या दिवशी डॉक्टरांनी मला आणखी एक केसपेपर काढून आणायला सांगितलं, मावशीचा. मी खाली खिडकीशी गेले. बारा वर्षं मी त्या घरात जात होते. त्या घरातलं पोटातलं लेकरूसुद्धा माझ्या वहीत होतं. मावशी कुठल्याच वहीत नव्हती, कारण तिचं बाळंतपणाचं वय सरलं होतं. खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं, वय विचारलं. त्रास काय? मी म्हणाले, झोप नाही, जीव घाबरतो. कधीपासून? ते मला ठाऊक नव्हतं. मी परत जिना चढून वर गेले.

मावशी आता बाकावर बसली होती, शेजारी सून. मी विचारलं तसं मावशी बोटांवर मोजू लागली, मग मोजायचं सोडून दिलं. "थोरल्याचं वय किती ते लिव. तेवढंच."

"तेहतीस," देगलूरवाली म्हणाली. त्या दिवसभरात ती आपणहून बोललेला हा एकच शब्द.

मी खाली गेले आणि खिडकीत सांगितलं, "तेहतीस."

"दिवस का महिने?" त्याने लिहिता लिहिता विचारलं.

"वर्षं," मी म्हणाले.